कपच्यांचा डबा

वाशी
१२ जानेवारी १९८६

सुनीती,

वर ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ लिहिलं होतं, ते खोडलं आहे. घरात परदेशी टपालाचा दुसरा एरोग्राम नव्हता म्हणून हाच वापरते आहे. खोडलेलं वाचता आलं तर वाच, नाही आलं तर बिघडत नाही.

तुझा निबंध पोचला. आत चिठ्ठी नाही, पहिल्या पानावर ‘ताईस’ एवढंसुद्धा नाही. पत्ता टाइप केलेला, म्हणजे तोही कोणाकडून तरी करवून घेतलेला. आई गेली तेव्हा तुझी तार आली होती, त्यानंतर वर्षभराने हे. तुझ्याकडून जे येतं ते छापलेलंच येतं.

पण वाचला. मेहुणी इंग्लंडच्या विद्यापीठात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि आपल्या खाडीकाठच्या आदिमानवावर लिहिते, हे नंदकिशोरांनी सगळ्या सोसायटीत सांगून ठेवलंय, तेव्हा वाचणं भाग होतं. आणि पुण्याला मीही हेच शिकले होते, हे तू विसरली असलीस तरी मी विसरलेली नाही. तळवलीच्या टेकडीवर पहिल्यांदा मी चढले, चौऱ्याहत्तर साली, सायकल खाली झाडाला बांधून. तिथल्या तांबड्या गारगोटीत हिरवी शीर असते हे तुला मी दाखवलं. पुढे आईला अर्धांगाचा झटका आला, कोणीतरी घरी राहायला हवं होतं, आणि मी विषय तुला दिला. तुझ्या निबंधाच्या शेवटी आभार मानले आहेत. त्यात तुमच्या तिथल्या फोटोग्राफरचं नाव आहे.

तेही सोड. मला हसू आलं ते तुझ्या नकाशावर.

तुझं म्हणणं थोडक्यात असं. हजारो वर्षांपूर्वी काही माणसं सानपाड्याला खाडीच्या कडेला राहत होती. तिथे कामाचा दगड नाही. म्हणून ती तळवलीच्या टेकडीपर्यंत चालत जायची, गारगोटीचे गोटे निवडायची, डोक्यावरून सानपाड्याला आणायची आणि तिथे बसून त्यांची बारीक पाती पाडायची. मधले ओहोळ, भरती-ओहोटी, सगळं धरून तू त्यांचा रस्तासुद्धा आखला आहेस. ‘या लोकांच्या मनात दगडांचा नकाशा होता’ असं एक वाक्य आहे. वाक्य सुरेख आहे. आणि पुरावा काय, तर सानपाड्याला तुला सापडलेला दगड हुबेहूब तळवलीचा आहे.

असणारच. तो एकोणऐंशी साली डंपरमधून आला.

अगं बाई, तू जिथे खणलंस ती जमीनच नव्हे. तो भराव आहे. आम्ही सत्त्याहत्तरला वाशीत राहायला आलो तेव्हा तिथे भरतीचं पाणी यायचं आणि बायका चिंबोऱ्या धरायच्या. मग तळवलीच्या टेकडीची पश्चिमेकडची बाजू फोडली, तिचा मुरूम डंपर भरभरून आणून चिखलावर ओतला आणि वर रोलर फिरवला. आमच्या गॅलरीतून दिसायचं. धुळीने आईचे डोळे यायचे. दोन पावसाळ्यांत त्यावर गवत आलं, बाभळी उगवल्या, आणि एक्याऐंशीच्या डिसेंबरात तुला तिथे आदिमानवाची वस्ती सापडली.

तेव्हा तू महिनाभर माझ्याच घरी होतीस. माझ्याच हातच्या पोळ्या डब्यात घेऊन सकाळी निघायचीस. ‘कुठे खणतेस गं?’ विचारलं की, ‘इकडेच, जवळच.’ छापून येईपर्यंत जागेचा पत्ता कोणाला लागू द्यायचा नाही ही तुमच्या धंद्यातली रीत, आणि माझ्यापासून तर तो लपवायलाच हवा होता. एकदा तोंड उघडलं असतंस तर मी पोळी लाटता लाटता सांगितलं असतं की तो भराव आहे.

पण चूक दाखवायला लिहीत नाही, तुझी चूक तुला लखलाभ. टेकडीची उरलेली बाजू फोडायला ठेकेदाराला परवानगी मिळते आहे. मार्च सरला की काम सुरू होईल. माथ्यावर मागच्या अंगाला, जिथे मी चौऱ्याहत्तर साली दिवसचे दिवस बसत होते, तिथे अजून पाती पाडून उरलेले दगडांचे गाभे आहेत आणि तिथून पश्चिमेच्या तुटलेल्या कडेपर्यंत कपच्यांचा नुसता सडा आहे. हत्यारं सानपाड्याला घडली नाहीत, तिथे घडली. तू एवढंच लिहून दे, की सानपाडा हा भराव आहे आणि खरी जागा टेकडीवर आहे. तुझ्या शब्दाला वजन आहे. माझ्या शब्दाला नाही, ते का नाही हे पुन्हा लिहीत बसत नाही.

वैजयंती


वाशी
९ फेब्रुवारी १९८६

सुनीती,

उत्तर नाही. टपालखात्याला दोष देऊन पाहिला, पण खालच्या मजल्यावरच्या जयमालाबाईंच्या लेकीची पत्रं लंडनहून वेळच्या वेळी येतात.

तुझी वाट न बघता मी मुंबईला कचेरीत जाऊन आले. कुठल्या ते लिहीत नाही, साहेब बिचारे सभ्य होते. त्यांनी चहा मागवला. मी टेकडीचं सांगितलं, जुने फोटो पुढे ठेवले. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका. आम्ही एक्सपर्टच्या ओपिनियनवर चालतो.” आणि खणातून काय काढलं असेल? तुझाच निबंध. एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. ‘टेकडीवर वस्तीच्या किंवा हत्यारं घडवल्याच्या खुणा आढळत नाहीत. ती केवळ दगड मिळण्याची जागा होती.’

“तुमचं यावर काय म्हणणं आहे?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “हे चुकीचं आहे.”

“तुमचं काही छापलेलं आहे का?”

“नाही.”

“मग या बाईंचंच काहीतरी आणा ना. त्यांनी दुरुस्ती दिली तर मी आजच्या आज काम थांबवायचं पत्र काढतो. तुम्ही ओळखता त्यांना?”

मी म्हटलं, “माझी धाकटी बहीण आहे.”

ते हसले. “मग घरातच विचारून टाका की!”

मी फोटो पिशवीत भरले. चहा पिऊन उठले.

खुणा आढळत नाहीत म्हणे. तू टेकडीवर किती फिरलीस ते मला माहीत आहे. अर्धा दिवस. गवत कमरेएवढं होतं, आणि तू फोडलेल्या बाजूने थोडी वर जाऊन परत आलीस. संध्याकाळी तुझ्या मोज्यांत भरलेली कुसळं आईने एका चालत्या हाताने एकेक करून वेचली. तू पलंगावर बसून टिपणं काढत होतीस. मागच्या अंगाला गेली असतीस तर पायाखाली कपच्या वाजल्या असत्या. पण तिथे माझी जागा होती. तिथे काही सापडलं असतं तर माझं नाव घालावं लागलं असतं.

येताना तळवलीला उतरले. सगुणा आठवते? टेकडीखाली राहते, मी सायकल तिच्या दाराशी लावायला लागले होते ती. आता रस्त्याकडेला भाजी घेऊन बसते. मी म्हटलं, सगुणा, गावाने अर्ज केला तर टेकडी वाचेल. तिने वांगी तोलता तोलता माझ्याकडे बघितलं.

“कोनासाठी वाचवाची?” म्हणाली. “आमच्या भातशेतीवर कारखाने झाले, खाडीच्या खाजनावर रस्ते झाले, तवा कोन कागुद घेऊन आला नाय. आता माज्या पोराला डंपरवर नोकरी लागलीय तं तुमी आल्या दगुड वाचवाला!”

“तसं नाही गं.”

“तसाच हाय. पानी पिता का?”

पाणी प्यायले आणि आले. तिचं काही चुकलं नाही. चुकलं ते तुझं. बरोबर जागा लिहिली असतीस तर त्या पोराची रोजीरोटी टेकडीवर यायच्या आधीच तिथे सरकारी पाटी लागली असती.

नंदकिशोर म्हणतात, “दगडांवरून सख्ख्या बहिणीशी भांडणारी तूच पहिली.” मी म्हटलं, भांडायला आमच्याकडे शेत नव्हतं आणि दागिनेही नव्हते. दगडच होते, ते एकीने घेतले.

मागच्या पत्रात मी विषय ‘दिला’ असं लिहिलं होतं. ते दुरुस्त करून वाच. लवकर लिही.

वैजयंती


वाशी
२ मार्च १९८६

सुनीती,

तुझं पत्र आलं. हाताने लिहिलेलं. तुझं अक्षर अजून उजवीकडे झुकतं, पाहून क्षणभर बरं वाटलं. मग वाचलं.

तू दोन गोष्टी लिहिल्या आहेस. दुसरीचं उत्तर आधी देते. तू म्हणतेस, ‘ताई, तुला टेकडी नको आहे. तुला मी खाली आलेली हवी आहे.’

दोन्ही हवं आहे. घे, लिहून टाकलं. मी इथे आईची अंथरुणं बदलत होते तेव्हा तू माझ्या टेकडीवर मोठी झालीस. तुझा पाय घसरावा असं मला वाटू नये, एवढी मी थोर नाही. पण म्हणून टेकडी खोटी ठरत नाही. मी कशी का असेना, कपच्या आहेत तिथे आहेत.

आता पहिली गोष्ट. तू म्हणतेस की वरचा थर भरावाचा असेलही, पण खाली काळा चिखल लागला आणि कपच्या त्यातही होत्या, म्हणजे त्या जुन्याच. सुनीती, ओल्या चिखलावर मुरूम ओतून रोलर फिरवला की निम्मा मुरूम चिखलात जातो. रस्त्यावरच्या कुठल्याही मुकादमाला विचार. उरलेलं चिंबोऱ्यांच्या बिळांतून खाली गेलं. तुझ्या आदिमानवाला चिंबोऱ्यांनी पुरलं.

हे तुला पटणार नाही. तू म्हणशील, सिद्ध कर. तर ऐक.

तू परत निघालीस तो दिवस आठव. बॅग उचलेना. विमानात जास्त वजन चालत नाही म्हणून तू या पलंगावर सगळं पसरलंस आणि निवडायला बसलीस. चांगली चांगली पाती कापसात गुंडाळून घेतलीस. उरलेल्या कपच्या, ठिकऱ्या, चुरा एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून मला म्हणालीस, “हा सगळा कचरा आहे, ताई. इथेच राहू दे.”

मी टाकूनच देणार होते. आई टाकू देईना. झटक्यानंतर तिची वाचा अडखळायची, पण डब्याला हात लावला की स्पष्ट बोलायची. “सुनीतीचं सामान आहे. टाकू नका.” दर दिवाळीला तो डबा ती माझ्याकडून पुसून घ्यायची. तू येऊन नेशील म्हणून. गेली त्या दिवशीही तो तिच्या उशाशी होता. हे मी तुला रडवायला लिहीत नाही. पुरावा आपल्या घरात कसा राहिला ते सांगते आहे.

परवा मी तो डबा घेऊन टेकडीवर गेले. नंदकिशोर बरोबर आले, त्यांना वाटलं मी उन्हात चक्कर येऊन पडेन. मागच्या अंगाला सावली धरून बसले आणि डब्यातली एकेक कपची काढून तिथल्या गाभ्यांवर लावून बघायला लागले, फुटलेल्या बशीचे तुकडे जुळवावेत तशी. सकाळ गेली. काही जुळेना. नंदकिशोरांनी पेपर दोनदा वाचला, मग त्यांनीही दोन दगड हातात घेतले आणि म्हणाले, “या कामाचा पगार मिळतो लोकांना?”

दुपारी एक कपची बसली. अंगठ्याच्या नखाएवढी, तांबडी, मधून हिरवी शीर. गाभ्यावर तेवढाच खळगा होता आणि शीर त्यातूनही पुढे जात होती. लावली तर सांधा दिसेना. माझ्या हातून बराच वेळ ती सुटेना. नंदकिशोरांनी गाभा मागून घेतला, उलटासुलटा केला आणि दोन्ही हातांनी परत दिला.

कपची सानपाड्याची, तुझ्याच खड्ड्यातली. गाभा तळवलीच्या माथ्यावरचा. एकाच घावाने वेगळे झालेले. पातं असतं तर तू म्हणाली असतीस, पातं कामाची वस्तू, माणसाने बरोबर नेलं असेल. पण हा कचरा आहे, तुझाच शब्द. तू स्वतः विमानातून कचरा नेला नाहीस. मग त्या माणसांनी ओहोळ तुडवत, डोक्यावरून, एवढ्या लांब तो कशाला नेला असेल?

तो फक्त डंपर नेतो, त्याला निवडता येत नाही.

फोटो सोबत आहेत. सुनीती, मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आईच्या शेवटच्या दिवसांतही ‘ये’ असं लिहिलं नाही, ‘बघ जमलं तर’ असंच लिहिलं. आता मागते. या महिन्यात दुरुस्ती पाठव. साहेब म्हणालेत, ती हातात आली की काम थांबेल.

वैजयंती


वाशी
६ एप्रिल १९८६

सुनीती,

तुझं काही आलं नाही. सुरुंग सुरू झाले.

काल गेले होते. खालीच लाल बावटा लावलाय. मुकादमाने अडवलं, “बाई, बाजूला व्हा, डोक्यात दगड पडेल.” मी म्हटलं, मला वर दहा मिनिटं जाऊ द्या. तो म्हणाला, “वर काय हाय तुमचं?” मी परत फिरले. सगुणाचा मुलगा भरलेला डंपर घेऊन शेजारून गेला. मला ओळखून त्याने हॉर्न वाजवला.

मागचे दोन रविवार मी आणि नंदकिशोर मिळेल तेवढं पिशव्यांत भरून आणत होतो. घरात पाय ठेवायला जागा नाही. पण तुला मी काय सांगायचं? जागेवरून उचललेल्या दगडाला जागा राहत नाही. कुठे पडला होता, शेजारी काय होतं, हे बघणारं कोणी नसलं तर पिशवीतला दगड हा नुसता दगड. उद्या मी तो कोणापुढे ठेवला तर म्हणतील, बाई, कशावरून तळवलीचा? या बघा, एका विदुषीने लिहिलंय की तिथे काही नव्हतं.

सुरुंग उडाला की आधी जमीन हलते, आवाज मागून येतो. मला ते माहीत नव्हतं.

यापुढे लिहीन असं वाटत नाही.

वैजयंती


वाशी
२६ मे १९८६

सुनीती,

तुझं जाड पाकीट परवा आलं.

टाइप केलेली दोन पानं आहेत, खाली तुझी सही. सानपाड्याची जागा भरावाची होती, तिथल्या वस्तू तळवलीच्या टेकडीवरून मुरुमाबरोबर आल्या, तू बांधलेला निष्कर्ष टिकत नाही, हत्यारं घडवण्याची जागा टेकडीच्या माथ्यावर होती आणि ती सर्वप्रथम १९७४ साली वैजयंती नावाच्या विद्यार्थिनीने पाहिली होती. माझं नाव बारा वर्षांनी छापील अक्षरांत बघितलं. तुझ्या तोंडून ते यावं असं मला किती दिवस वाटत होतं, आणि आलं तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून विसरले, एवढंच झालं.

सोबत तुझी चिठ्ठी आहे. ती मी पुन्हा पुन्हा वाचली. तू लिहितेस, माझं पत्र मिळाल्यावर तू तिथल्या पेट्या उघडल्यास, आणि त्यांत एकही कपची नव्हती. सगळी पातीच होती, एकाहून एक देखणी. ‘मला दाखवायला माझ्याकडे कचराच नाही, ताई. असता तर मला तेव्हाच कळलं असतं.’ आणि खाली, ‘हे कागद तुझ्या हातात देते. टेकडी वाचत असेल तर पाठव. वाचत नसेल तर फाडून टाक. माझी इथली नोकरी अजून कायम झालेली नाही.’

टेकडी वाचली नाही. एप्रिलच्या शेवटी माथा उतरला. आता तिथे सपाट तांबडी जमीन आहे आणि ट्रक वळवायला जागा आहे.

आता हे ऐक. तुझ्या दोन पानांवर तारीख आहे १४ मार्च. पाकिटावरच्या तुमच्या पोस्टाचा शिक्का १२ मेचा आहे. मी आधी म्हटलं, टपालात अडकलं असेल. पण शिक्का तर पोस्टात टाकतानाचाच असतो ना. म्हणजे तू सही करून ते कागद जवळ ठेवलेस. मार्च गेला, एप्रिल गेला. इथे सुरुंग उडत होते आणि टेकडी वाचवणारी दोन पानं तुझ्या टेबलावर पडली होती. तू रोज त्यांच्याकडे बघत असशील. माझं सहा एप्रिलचं पत्र वाचलंस, सगळं संपलं याची खात्री झाली, आणि मग पाठवलंस, फाडायची परवानगी जोडून. खरं बोलल्याचं समाधान तुला आणि फाडण्याचं काम मला. लहानपणी दूध सांडायचीस तू आणि फडकं माझ्या हातात द्यायचीस, तसंच हे.

मी नंदकिशोरांना सगळं वाचून दाखवलं. ते कधी नव्हे ते माझ्या बाजूने बोलले नाहीत. म्हणाले, “टेकडी गेली ना? मग आता पाठवून काय मिळवायचंय? पोरगी परदेशात एकटी आहे. तिचं सगळं जाईल.”

मी दोन दिवस विचार केला. खरंच केला, तुझ्या गळ्याची शपथ. आईच्या पलंगावर बसून केला.

टेकडीचा मुरूम आता कुठे गेलाय माहीत आहे? नेरुळकडे नवे प्लॉट पडताहेत, तिथल्या चिखलावर ओतताहेत. दोन पावसाळ्यांनी त्यावर गवत येईल. मग कधीतरी कोणी हुशार मुलगी येईल, तिला तांबड्या गारगोटीची पाती सापडतील, हिरव्या शिरेची, आणि ती आनंदाने वेडी होईल. ती तुझा निबंध वाचून आली असेल. तिला खरं सांगायला टेकडी नसेल. माझ्या पिशव्या असतील, पण त्यांना कोण विचारतो? तुझी दोन पानं तेवढी असतील. टेकडी आता तेवढ्यात उरली आहे, सुनीती. तुझ्या चुकीच्या कबुलीत. ती फाडली तर तळवलीला कधी कोणी बसलं नव्हतं, कोणी दगड घडवला नव्हता आणि मी सायकल बांधून वर चढले नव्हते.

म्हणून मी ती आज सकाळी रजिस्टर केली. एक प्रत कचेरीतल्या साहेबांना, एक ज्यांनी तुझा निबंध छापला त्यांना.

तुझी नोकरी जाईल कदाचित. तुझे लोक तुझ्याकडे बघून हसतील. तुला वाटेल मी सूड घेतला. पावती पर्समध्ये ठेवताना माझ्याही मनात तो शब्द आला होता, आणि मी तो झटकला नाही. पण मार्चमध्ये हेच कागद आले असते तर टेकडी वाचली असती आणि तुझा मानही राहिला असता. चूक कबूल करून जागा वाचवणारी बाई म्हणून लोकांनी तुझं नाव घेतलं असतं. दोन महिने ते तुझ्या हातात होतं.

पिशव्यांतले दगड नंदकिशोर गच्चीवर नेऊन ठेवणार आहेत. सोसायटीने तक्रार केली तर टाकून देतील. बिस्किटांचा डबा मात्र मी पुसून आईच्या खोलीतल्या कपाटावर परत ठेवलाय. कपची गाभ्याला लावून, दोऱ्याने बांधून आत घातली आहे. नंदकिशोरांनी विचारलं, हाही गच्चीवर न्यायचा का.

मी म्हटलं, त्याला हात लावू नका. सुनीतीचं सामान आहे.

ताई